अकीकाचा खल

स्फाक्स विद्यापीठाच्या रसायन विभागात सर्वांत जास्त मान होता तो प्राध्यापक सी मोंजींच्या (तिकडे ‘सी’ म्हणजे ‘श्रीयुत’) अकीक दगडाच्या खलाला. खुद्द विभागप्रमुखांनाही त्याला हात लावायची मुभा नव्हती. धुवायचा मात्र सिहेमने. नळाजवळच्या भिंतीवर सी मोंजींच्याच हस्ताक्षरात पाटी होती, ‘ज्याने वापरलं, त्याने धुवावं’, पण ती पाटी प्राध्यापकांसाठी नव्हती, हे न सांगताच सगळ्यांना कळत असे.

सिहेमचं डॉक्टरेटचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. तांबं, आयोडीन आणि नाकाचे केस जळतील असा वास मारणारं एक फॉस्फरसचं रसायन एकत्र आणून तिने स्फटिक बनवले होते. दिसायला मिठासारखे, पण अतिनील दिव्याखाली धरले की निळे उजळायचे. ज्यांना महागडं इरिडियम परवडतं त्यांनी खुशाल इरिडियम वापरावं, आमचं तांबंही काही कमी नाही, असं ती ठसक्यात म्हणायची.

घोळ एवढाच होता की तिच्या वहीत ‘निळा’ लिहिलेलं असे आणि तिचे मार्गदर्शक सी मोंजी यांनी तपासलं की पिवळा निघे. दर वेळी.

“पोरी, डोळे तपासून घे,” ते म्हणत.

तिने दोनदा तपासून घेतले. डॉक्टर म्हणाला, घारीचे आहेत. सी मोंजींनी डॉक्टरलाही वेड्यात काढलं. आता शुक्रवारी समिती बसणार होती. रंगाचा निकाल लागला नाही तर मुदतवाढ नाही, आणि मुदतवाढ नाही म्हणजे गाबेसला मामाच्या औषधाच्या दुकानात पुड्या बांधणं. मामा स्वभावाने बरा होता, पण दिवसभर उपदेश करायचा. सिहेमला नुसत्या विचाराने रडू यायचं.

विभागाची अंधारखोली म्हणजे झाडू ठेवायची कोठडी. मब्रूका खाला ही तिथली जुनी मदतनीस, आणि तिचा खारवलेल्या ऑलिव्हचा डबाही तिथेच. शुक्रवारी दुपारी त्या कोठडीत पाचजण कोंबले गेले: सी मोंजी, सिहेम, खाला, आणि समितीचे दोघे. त्यातल्या मादाम जलीला अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या. दार लावलं आणि कुणालाच वळता येईना.

दिवा लागला. बशीतले स्फटिक निळे उजळले.

“निळाच आहे की!” मादाम जलीला म्हणाल्या.

“थांबा, थांबा. नमुना नीट तयार कुठे केलाय?” सी मोंजी म्हणाले. “न खललेला नमुना म्हणजे न शिजवलेलं कुसकुस. खल मी माझ्या खोलीत जाऊन…”

“जाणार कुठून?” खाला म्हणाली. “मादाम हलल्या तर माझा डबा सांडेल. मी दारातच आहे, मीच आणते.”

तिने खल आणून दिला. आजवर सी मोंजी आपल्या खोलीत, लख्ख उजेडात नमुना खलत आणि मग इथे आणून बघत. आज पहिल्यांदाच त्यांनी दिव्याखाली, अंधारात बत्ता फिरवला.

पहिल्या फेऱ्यात निळ्यात एक पिवळी रेघ उमटली. दुसऱ्यात ती पसरली. बत्ता जिथे जिथे जाई तिथे निळा मरे. पाचव्या फेऱ्याला खलात हळदीसारखा पिवळाजर्द उजेड होता.

सिहेमने सी मोंजींच्या हाताकडे पाहिलं. दीड वर्ष आपण खोटे ठरलो ते या हातामुळे!

“खाला, अॅसिटोन.” ती म्हणाली.

खालाने आणून दिलेल्या बाटलीतला एक थेंब खलात पडला. तो वाळला तसा त्या जागी पुन्हा निळा उमलला.

“दाबलं की रंग बदलतो, भिजवलं की परत येतो,” मादाम जलीला हसत म्हणाल्या. “पोरीला मुदतवाढ द्या. आणि मोंजी, तुमचे डोळे?”

“मी वीस वर्षं सांगतोय,” सी मोंजी घसा साफ करत म्हणाले, “खलल्याशिवाय काही कळत नाही. हा शोध माझ्या पद्धतीचा आहे.”

“हो तर! ‘प्राध्यापकांच्या हाताने पिवळा’ असंच लिहीन,” सिहेम म्हणाली.

मब्रूका खाला तोंडावर ओढणी दाबून हसली. दार उघडलं, उजेड आत आला. सी मोंजींनी सवयीने खल सिहेमपुढे धरला.

तिने हात मागे बांधले आणि दारातून दिसणाऱ्या, नळाजवळच्या भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं.

समितीही पाटी वाचू लागली. सी मोंजी खल पोटाशी धरून नळाकडे गेले.