शामेनच्या पोटातला नाल

कोक-बोरूत, म्हणजे घोड्यावर बसून बोकडाचं धड गोलात टाकायच्या आमच्या खेळात, ते धड ओढताना शामेन घोड्यावरून पडला आणि दुसऱ्या घोड्याचा गुडघा त्याच्या कुशीत बसला. तरी उठून पुन्हा घोड्यावर चढला, गोल केला आणि हसत घरी गेला. सकाळी लघवी लालभडक झाली, तेव्हा बायकोला म्हणाला, "काही नाही गं, बोर्शच्या सारातलं बीट आहे."

"बीट?" बुरुल म्हणाली. "आपल्या घरात बीट कधी आलं? कुणाकडे जेवून आलात?"

आता लघवी बाजूलाच राहिली. ते दुसरं बालंट टाळायला शामेनला खरं सांगावं लागलं. मी शेजारी, गाडी माझी. दोघांना घेऊन शहरातल्या इस्पितळात पोचलो.

डॉक्टर तुर्सुनायने सोनोग्राफी केली. "किडनीभोवती रक्त साठलंय. सीटी करू. शिरेत औषध सोडलं की अंग गरम होईल, लघवी झाल्यासारखं वाटेल. होत मात्र नाही."

शामेनने ऐकलं असेल तर शपथ. थोड्याच वेळात यंत्रातून आरोळी आली, "बुरुल! दुसरी विजार आण!"

बाहेरच्या बाकावरचे पेशंट आपापलं दुखणं विसरून हसले.

मग डॉक्टरने शामेनला थोरल्या भावासारखं 'बाइके' म्हणत पडद्यावर चित्र दाखवलं. "बाइके, तुमच्या दोन्ही किडन्या जन्मापासून खाली जोडलेल्या आहेत. आम्ही याला घोड्याच्या नालाची किडनी म्हणतो."

शामेनचा चेहरा फुलला. "नाल! माझ्या पोटात! ऐकलंस?"

"नाचू नका. अशी किडनी मार लागला की लवकर चेपते. आणि हा पांढरा ठिपका बघा, रक्तवाहिनी अजून गळतेय. जांघेतून बारीक नळी घालून बूच बसवावं लागेल."

शामेनने माझी बाही धरली. "घोड्याला पाणी कोण पाजेल रे?"

"मी पाजेन," बुरुल म्हणाली. ती आजवर त्या घोड्याच्या जवळपास फिरकली नव्हती.

शामेनला भूल फक्त जांघेपुरती दिली होती. पडद्यावर नळी सरकताना दिसली आणि भीती गेली ती गेलीच. "डावीकडे! अगं, डावीकडे वळव!"

"बाइके," तुर्सुनाय म्हणाली, "इथे लगाम माझ्या हातात आहे."

बूच बसलं. पुन्हा औषध सोडून पाहिलं, ठिपका नाहीसा झाला होता. पुढे काही दिवस तो अंथरुणावर पडून राहिला. कुणी भेटायला आलं की सीटीची फिल्म खिडकीला धरायचा. म्हातारे दाढीवरून हात फिरवत म्हणायचे, "जन्मतःच स्वार!"

"जन्मतःच बिनडोक," बुरुल चहा ओतत म्हणायची.

नंतरच्या सोनोग्राफीत साठलेलं रक्त विरत आलेलं दिसलं, पण डॉक्टरने त्याचं कोक-बोरू खेळणं कायमचं बंद केलं. दोन दिवस तो जेवला नाही. मग गावच्या संघाने त्याला पंचाची शिट्टी दिली. पहिल्याच सामन्यात त्याने आमच्याच कप्तानाला मैदानाबाहेर काढलं. प्रेक्षकांतून त्याच्याशी सगळ्यात मोठ्याने भांडत होती ती बुरुल.