खोकल्याचं बटण

पडद्यावर तो सुटलेला झेल पुन्हा दिसायच्या आत त्याने अंगठ्याने खोकल्याचं बटण दाबलं. समालोचकाला मध्येच ढास लागली तर प्रेक्षकांना ऐकू जाऊ नये, म्हणून ही सोय. दाबून धरलं की माइक बंद.

"पुरे करा रे आता," तो म्हणाला. कुणालाच ऐकू गेलं नाही.

कानातल्या यंत्रात निर्माता कुजबुजला, "उस्ताद, हसा की! तुमचाच लाडका झेल."

त्याने बटण सोडलं आणि खळखळून हसला.

"चेंडू आला, त्याने मला नमस्कार केला आणि पुढे निघून गेला!"

शेजारचा समालोचक हसून हसून बेजार झाला.

उभी कारकीर्द त्याने यष्ट्यांमागे उकिडवं बसून काढली. गुडघ्यांची पार वाट लागली. टिपलेले झेल कुणाच्या गावीही नव्हते. लोकांनी लक्षात ठेवला तो अंतिम सामन्यातला सुटलेला. वाहिनीने बोलावलं तेही त्याच्याच जिवावर. मैदानात कुणाचाही झेल सुटो, दाखवायचा याचा. हसतील त्यांचे दात दिसतील, असं तो सुरुवातीला म्हणायचा. पण इथे पहिले दात त्यालाच दाखवावे लागत, आणि त्याचा त्याला आता मनस्वी वीट आला होता.

संध्याकाळी घरी बायको ओट्यापाशी भांडी घासत होती.

"उद्या वाहिनीच्या करारावर सही ना? आणखी पाच वर्षं?"

"हो. न करून सांगतो कुणाला? दुसरं येतंय काय मला?" तो खुर्चीत टेकला. "आणि मजेत चाललंय की."

"खरंच?"

"अगं, लोक डोक्यावर घेतात मला!" तो हसला. सकाळी माइकवर हसला होता तसाच, अगदी तेवढंच.

तिने मागे वळून पाहिलं. बटणाची गंमत त्यानेच कधीतरी तिला सांगितली होती, की मनातलं असेल ते बटण दाबून बोलतो, म्हणजे भांडण नको नि तंटा नको.

"हे टीव्हीवरचं झालं," ती म्हणाली. "आता बटण दाबून सांग."

तो पुन्हा हसायला गेला. ती हसली नाही. मग त्याने अंगठा टेबलावर टेकवला आणि नख पांढरं पडेपर्यंत दाबून धरला.

ऐकू यावं म्हणून तिने नळ बंद केला.

त्याचे ओठ बराच वेळ हलत होते. तिला एक अक्षरही ऐकू आलं नाही.