उजवीकडचा भांग

"कुमुदताई, दोन मिनिटं. हात लावून येते फक्त."

"गिरिजाबाई, माझा बाप आला असता तरी त्याला दाराबाहेरच बसवलं असतं मी."

कारलं तुपात तळलं तरी कडू, तशी कुमुदची जीभ. तीस वर्षं आयसीयूत नर्स; डॉक्टरसुद्धा तिला दबकून. आत संसर्ग पसरला म्हणून अकरा दिवस भेटी बंद होत्या. गिरिजाबाई दिल्लीतल्या मयूर विहारहून रोज मेट्रोने यायच्या, काचेच्या दाराबाहेर बसायच्या. आत त्यांचे अशोकराव, घशात नळी, निपचित.

"सांगा त्यांना, लेकीचं, कृतिकाचं तिकीट झालं. परवा येतेय."

कुमुद कानाशी जाऊन सांगे आणि बाहेर येऊन म्हणे, "मान हलवली." मान कसली हलतेय! पण बाईला रिकामी कशी परत पाठवायची? पूर्वी घरची माणसं आत येत, रडून मोकळी होत. नर्सांनी सलाईन बघावं, बस्स. आता बारा खाटांची बायको, आई, लेक सगळं नर्सांनीच व्हायचं, आणि रडायला कोपरासुद्धा नाही.

अशोकरावांचं मात्र ती निगुतीनं करी. रोज अंग पुसायचं, केस विंचरायचे. घरची तरी एवढं करील का, असा तोरा होता तिला.

त्या दिवशी सकाळपासून बीपी खाली चाललं होतं. कुमुदला कळत होतं. पण गेल्याच आठवड्यात एका मुलाला आत आईजवळ सोडलं म्हणून तिला मेमो मिळाला होता. दुसरा म्हणजे घरी बसणं.

"संध्याकाळी डॉक्टरांना विचारते," ती म्हणाली. "तोवर कँटीनमध्ये जेवून या. तोंड बघा कसं झालंय."

अडीचला अशोकराव गेले. शेवटी कुमुदनेच हात धरला होता. कानाशी म्हणाली, "गिरिजाबाई आल्यात."

मेल्या माणसाला नियम भारी उदार. एक नातेवाईक, पाच मिनिटं.

गिरिजाबाई आत आल्या. "तुम्ही म्हणालात म्हणून जेवले हो मी," एवढंच बोलल्या. मग बराच वेळ बघत राहिल्या.

"हे असे परक्यासारखे का दिसतायत?"

"आजारात उतरतो चेहरा."

"तसं नाही. भांग उजवीकडून पाडतात हे. लग्नाआधीपासून."

अकरा दिवस कुमुदने डावीकडून पाडला होता. दाराबाहेर ही बाई बसलेली, आणि तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"कंगवा आहे?"

कुमुदने दिला. गिरिजाबाईंनी बेसिनपाशी तळवा ओला केला आणि भांग पाडायला घेतला.

गार्डने काचेवर टकटक केली. "सिस्टर, टाइम हो गया."

"अभी नहीं हुआ," कुमुद म्हणाली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

गिरिजाबाई केस दाबून धरत होत्या. हात उचलला की ते पुन्हा डावीकडे पडत होते.