शवगाडीच्या लयीत

माझ्या पोरीच्या, लॉरेनाच्या बँडवर अलीकडे कॉलेजातली मंडळी लिहायला लागली आहेत. तीन काळे आणि दोन गोरे, अलाबामात, एकोणीसशे सहासष्ट साली एका स्टेजवर आले कसे आणि त्यांचं गाणं इतकं संथ, इतकं आतून यायचं कसं, यावर पानंच्या पानं. कुणी म्हणतं चर्चमुळे, कुणी म्हणतं कापसाच्या शेतांमुळे. मला कुणी विचारत नाही. मी अंत्यविधीचा धंदा करणारा माणूस. माझ्याकडे लोक उत्तरं मागायला येत नाहीत, वेळ आली की येतात.

खरं सांगायचं तर तो बँड मुळात संथ नव्हताच. कारण वेंडेल प्रुइट. लाल केसांचा, गोऱ्यांच्या चर्चमधल्या पाद्र्याचा मुलगा, गिटार वाजवायचा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, त्यातली गत. गाणं सुरू झालं की हा आपला पुढे आणि बाकीचे त्याच्या मागे धावतायत. तालीम माझ्या शवपेट्यांच्या गुदामात चाले. वरच्या मजल्यावर मला लॉरेनाचा आवाज ऐकू येई, "वेंडेल, कुणी मागे लागलंय का तुझ्या?"

त्या उन्हाळ्यात माझी काळजी मात्र वेगळीच होती. लॉरेनाने शिकागोला मावशीकडे जायचं ठरवलं होतं. शनिवारी मेम्फिसचा एक रेकॉर्डवाला वेदरबी गावच्या नाचाच्या हॉलमध्ये त्यांना ऐकायला येणार होता. त्याने रेकॉर्ड काढायचं कबूल केलं तर ती राहणार, नाहीतर सोमवारची बस. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. तिचं ते धांगडधिंग्याचं गाणं मला आवडत नव्हतं, पण पोरगी घरात हवी होती.

अडचण होती वाटेत लागणाऱ्या टॅलो काउंटीची, म्हणजे शेजारच्या जिल्ह्याची. आधीच्या महिन्यात तिथल्या डेप्युटीने, शेरीफच्या हाताखालच्या पोलिसाने, एका गाडीत काळी मुलगी आणि गोरा मुलगा पाहिला आणि गाडी परत पाठवली. पाठवताना एक दिवाही फोडला. "पुढच्या खेपेला दात," असं वर सांगितलं.

"माझी गाडी काढू," मी म्हणालो.

"शवगाडी?" क्लीओफस दोन पावलं मागे सरला. तो ड्रम वाजवायचा. अंगाने बैल, पण मढ्याला भिणारा. "मेलो तरी त्यात बसायचो नाही."

"मेल्यावर तर बसशीलच. आज जरा सवय कर."

आमच्याकडे दिवे लावलेली शवगाडी निघाली की समोरचा माणूस गाडी बाजूला घेतो आणि टोपी काढतो. जिवंतपणी ज्याला गोऱ्यांच्या हॉटेलात कुणी पाणी विचारत नसे, त्याच्या शवगाडीला गोरा शेरीफसुद्धा टोपी काढी. मी वर्षानुवर्षं हे पाहत आलो होतो. या मानाचा एकदा तरी जिवंत माणसाला उपयोग व्हावा, असं मला फार वाटे.

बँडमधले उरलेले दोघे, एक काळा आणि एक गोरा, बसने पुढे गेले, एकमेकांना ओळखत नसल्यासारखे. पुढच्या सीटवर मी, लॉरेना आणि क्लीओफस, काळ्या कपड्यांत, सुतकी चेहरे करून. मागे पडद्यांच्या आड ड्रम, स्पीकर आणि जांभळ्या मखमली चादरीखाली वेंडेल, पोटावर गिटार घेऊन.

"मिस्टर टिलरी, इथे बरं वाटतंय हो," तो आतून म्हणाला. त्या काळी गावात मला मिस्टर म्हणणारा गोरा तो एकटाच.

"मेलेली माणसं बोलत नाहीत," मी म्हणालो.

माझा बेत सोपा होता. लोकांसमोर हळू जायचं, रस्ता मोकळा मिळाला की पळवायचं. पण टॅलो काउंटीत शिरलो आणि पहिल्याच वळणावर तो डेप्युटी उभा. त्याने हात केला, मी थांबलो. लॉरेनाने हातरुमाल तोंडाला लावला. डेप्युटीने टोपी काढली होती.

"कोण रे?" त्याने विचारलं.

"तरुण पोरगा, साहेब." मी चर्चचा डीकन, खोटं बोलत नाही. "घाई फार त्याला. कुणाचं ऐकायचा नाही."

डेप्युटी रस्त्याकडे बघून म्हणाला, "माझा धाकटा भाऊ असाच गेला. मोटरसायकलवर. किती सांगितलं होतं त्याला." मग टोपी छातीशी धरून म्हणाला, "चल, काउंटी संपेपर्यंत मी पुढे राहतो. कुणी आडवं येणार नाही."

त्या माणसाचा मला राग होता, आजही आहे. पण त्या क्षणी त्याच्यासाठी वाईट वाटलं, हेही खरं.

झालं. पुढे डेप्युटी, मागे आम्ही, ताशी वीस मैल. समोरून येणारे ट्रक बाजूला होत होते, शेतातली माणसं उभी राहत होती, आणि ऊन उतरत चाललं होतं.

"डॅडी, तो रेकॉर्डवाला सातला निघतो," लॉरेना रुमालाआडून म्हणाली. "जरा पळव ना."

"कुणाला ओलांडून पळवू? पोलिसाला?"

जुना सिमेंटचा रस्ता होता. चाक प्रत्येक सांध्यावरून जाताना धप् करायचं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा धप्. क्लीओफसची बोटं आपोआप गुडघ्यावर पडायला लागली. लॉरेनाला बहुधा रडू येत होतं. ते दाबायला तिने त्यांचं गाणं गुणगुणायला घेतलं, 'जाऊ नकोस एवढ्यात', जे ती नेहमी नाचत, उड्या मारत म्हणे. या धप् धप् वर ते धावेना. एकेक शब्द थांबून थांबून यायला लागला. मागून चादरीखालून गिटारची तार हलकेच वाजली. वेंडेल पुढे पळायला बघत होता, पण पुढचा धप् येईपर्यंत जाणार कुठे? थांबला बिचारा. आयुष्यात पहिल्यांदा थांबला.

मी ते गाणं त्याआधी शंभरदा ऐकलं असेल. ते कुणालातरी थांबवण्यासाठी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मला पुढचा रस्ता नीट दिसेना.

हद्दीवर डेप्युटीने सलाम केला आणि मागे वळला. मग मी शवगाडी अशी हाणली की क्लीओफस मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागला.

पोहोचलो तेव्हा रेकॉर्डवाल्याच्या अंगात कोट होता आणि हातात टोपी. "एकच गाणं," तो म्हणाला. "तेही उभ्याने ऐकतो."

सामान कसंबसं लावलं. क्लीओफसने कुणाला न विचारता तीच लय धरली, धप्, आणि मग लांबलचक काही नाही. लॉरेनाने वेंडेलकडे पाहिलं. तो डोळे मिटून पुढच्या सांध्याची वाट पाहत होता. ती गायला लागली. नाचायला आलेली माणसं आधी दारात माझा काळा कोट बघून दचकली होती, तीही एकमेकांना धरून हळूहळू डोलायला लागली. दुसऱ्या कडव्याला रेकॉर्डवाल्याने टोपी खुर्चीवर ठेवली आणि शेजारच्या खुर्चीवर आपण बसला.

सोमवारची बस लॉरेनाशिवाय गेली.

आज लॉरेना माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. वेंडेलचे लाल केस गेले, चार बोटांत संधिवात आला. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि माझी शवपेटी निवडून ठेवली आहे, अक्रोडाची. प्रश्न चालकाचा होता. एके दिवशी वेंडेल येऊन म्हणाला, "मिस्टर टिलरी, तुमची गाडी मी चालवणार."

आमच्या गावात अजूनही गोऱ्यांचं माणूस गोऱ्यांच्या गाडीतून जातं आणि आमचं आमच्या. काळ्याची शवगाडी गोऱ्याने चालवलेली इथे कुणी पाहिलेली नाही.

"तुला जमायचं नाही," मी म्हणालो.

"मग शिकवा."

काल पहिली शिकवणी झाली. तो पुढे, आणि नीट अंदाज यावा म्हणून मी मागे, त्याच जांभळ्या चादरीवर आडवा. खरंच बरं वाटतं तिथे. गावाबाहेर पडलो आणि पोरट्याने वेग धरला. मी मागून काच ठोठावली.

"हळू, वेंडेल," मी म्हणालो. "मला काही घाई नाही."

"मेलेली माणसं बोलत नाहीत," तो म्हणाला, आणि त्याने वेग कमी केला.