पिवळं बटण आणि वेन्डेलचा हात

मी एक जुना गजर आहे, मालगाडीच्या इंजिनातला. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या मक्याच्या शेतांमधून धावण्यात माझी बावीस वर्षं गेली. चालकाने बराच वेळ कशालाच हात लावला नाही, की मी आधी दिवा लुकलुकवायचो, मग कर्कश ओरडायचो. त्याने माझं पिवळं बटण दाबलं तर ठीक, नाहीतर ब्रेक लावून मी शंभर डब्यांची गाडी थांबवायचो. याचा मला केवढा तोरा होता!

मित्रांनो, आमचा चालक वेन्डेल क्राउझ मला 'सासूबाई' म्हणायचा, कारण मी त्याला जरा म्हणून टेकू द्यायचो नाही. पलीकडच्या खुर्चीत गाडीची कंडक्टर, म्हणजे चालकाच्या जोडीने गाडीवर लक्ष ठेवणारी, डार्लीन ह्रुस्का बसे. सिग्नल दिसला की दोघांनी तो मोठ्याने पुकारायचा, अशी तिथली शिस्त होती.

त्या वर्षी वेन्डेलच्या आईला विस्मरणाचा आजार जडला. ती अपरात्री दार उघडून कुठेही चालू लागे. कागदावर वेन्डेलची विश्रांती पुरी होई, अंगाला मात्र मिळत नसे. त्याने हे कोणालाच सांगितलं नाही.

एका दुपारी कोबी-खिम्याचे पाव खाऊन झाले होते. मी लुकलुकलो, हात आला, बटण दाबलं गेलं. पुन्हा लुकलुकलो, पुन्हा हात आला. मी खूश होतो.

"पिवळा!" डार्लीनने पुकारलं. उत्तर आलं नाही. "अहो जावईबापू, पिवळा म्हणा की!"

तिने वळून पाहिलं. वेन्डेलचे डोळे मिटलेले होते आणि हात सवयीने माझ्याकडे येत होता. झोपलेल्या माणसाला मी इतका वेळ जागा समजत होतो! पुढे लाल सिग्नल होता. त्यापलीकडे दुसरी गाडी उभी होती आणि तिची दोन माणसं रुळालगत डबे तपासत होती. डार्लीनने तिच्या बाजूचा ब्रेक खेचला. गाडी लाल सिग्नलच्या जेमतेम दोन डबे अलीकडे थांबली.

"आई झोपू देत नाही गं," वेन्डेल म्हणाला आणि हमसून हमसून रडू लागला.

"मग मला फोन करायचा! मी काय मेले होते? पत्ते खेळत बसले असते म्हातारीशी," ती ओरडली आणि त्याची पाठ थोपटत राहिली.

नोकरीची पर्वा न करता वेन्डेलने वर लिहून कळवलं, 'माझा हात झोपेतही बटण दाबतो.' त्याला काही आठवडे घरी बसवलं, मग परत घेतलं. डार्लीन खरंच पत्ते घेऊन त्याच्या आईकडे जाऊ लागली. आमच्या इंजिनांत लाल सिग्नलआधी आपोआप गाडी थांबवणारी यंत्रं आली, आणि मी शिकाऊ चालकांच्या वर्गातल्या टेबलावर आलो. मला त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, बावीस वर्षं मी माणसांना 'जागा आहेस ना?' एवढंच विचारलं. 'नीट झोपलास का रे?' हे विचारणं माझ्या यंत्रात नव्हतं. तुमच्यात आहे. आज घरी दमून येणाऱ्या माणसाला तेवढं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत त्याच्यापाशी थांबा.