दोघांनी सोडलेली गोळी

गोळी दोघांनी एकाच दिवशी सोडायची, असं ठरलं होतं. लाँड्रीवाला आणि त्याची बायको, एचआयव्ही दोघांनाही. इस्पितळात नव्या उपचाराची चाचणी चालू होती: रोजच्या गोळ्या बंद, त्याऐवजी अधूनमधून सलाइनमधून अँटीबॉडी सोडायच्या आणि त्यांनी विषाणूला धरून निकामी करायचं. गिऱ्हाइकांच्या नजरा चुकवून गोळ्या गिळण्याचा लाँड्रीवाल्याला इतका वीट आला होता, की उरलेल्या गोळ्या त्यानं त्याच दिवशी इस्पितळात परत देऊन टाकल्या.

बायको भित्री. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागणं तिच्या स्वभावात नव्हतं. डॉक्टरीणबाईंसमोर तिनं मान डोलावली आणि दुकानात येऊन आपल्या गोळ्या खळीच्या डब्यामागे दडवल्या. नवरा कपडे पोचवायला गेला, की एक तोंडात टाकायची.

तिचं रक्त स्वच्छ येत राहिलं. "बघ, मी म्हणत नव्हतो?" नवरा हरखून जायचा. ती नुसती हसायची.

मग त्याच्या रक्तात विषाणू परत दिसला.

"तुमच्यातल्या विषाणूनं रूप पालटलंय, अँटीबॉडींना तो आता ओळखू येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजपासून गोळ्या सुरू करा."

"नाही. हिला लागू पडलं ते मला का नाही पडणार? माझाच तर विषाणू हिच्यात गेलाय."

डॉक्टरीणबाईंनी परोपरीनं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी! त्याला ताप येऊ लागला, मानेत गाठी आल्या. तापातच इस्त्री फिरवताना त्यानं कुणाचा तरी कोट जाळला. तरी दर तपासणीला पहिला प्रश्न तोच, "तुझं स्वच्छ ना? मग झालं तर."

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. तो इस्त्रीच्या टेबलाला धरून उभा होता. तिला ते बघवेना.

"अहो, मी सोडलीच नाही गोळी. एक दिवससुद्धा नाही."

त्यानं इस्त्री बंद केली. तो ओरडेल, हात उगारेल, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"इतकी भीती वाटत होती, तर मला एकट्याला कसं जाऊ दिलंस गं?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"आधी तुम्हाला लागू पडतंय का ते बघणार होते. मग मी सोडणार होते."

लाँड्रीवाल्यानं मान हलवली. चपला पायात सरकवून तो गोळ्या आणायला इस्पितळाकडे निघाला. ती मागून यायला लागली, तेव्हा त्यानं हातानंच तिला थांबवलं.