सगळ्या खाणीची भाची

कालामा शहरात ज्याला मामा नाही त्याला खाणीत जागा नाही, असं लोक म्हणतात. ते खोटं असतं तर दानित्साच्या वर्गातली झाडून सगळी मठ्ठ पोरं नोव्हेंबरातच डोक्यावर हेल्मेट चढवून फोटो काढत हिंडली नसती. कुणाचा मामा खाणीत फोरमन, कुणाचा काका कामगार संघटनेत, कुणाचा मेहुणा साहेबांची गाडी चालवतो. वशिल्याची तट्टं भराभर तबेल्यात जाऊन उभी राहिली आणि दानित्सा ओलिवारेस, जिला दगड नुसता हातात घेतला तरी त्याचं गोत्र सांगता यायचं, ती घरात बसून अर्जावर अर्ज खरडत होती.

भूगर्भशास्त्राचं तिचं शेवटचं वर्ष. इकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, कुठल्या तरी खाणीत उमेदवारी केल्याशिवाय विद्यापीठ पदवी देत नाही. हा उन्हाळा हुकला की वर्ष गेलं, आणि वर्षाबरोबर शिष्यवृत्तीही. मग शहाणपण गुंडाळून आईच्या खाणावळीत ताटं वाढत बसायचं. खाणींची उत्तरं मात्र काय गोड यायची. ‘आपली माहिती आम्ही जपून ठेवू.’

“जपून ठेवताहेत म्हणे,” तिची आई मिर्ता म्हणायची. “लोणचं घालणार आहेत का तुझं?”

मिर्ताची खाणावळ म्हणजे चार खोल्या, एक लांब टेबल आणि त्या टेबलाभोवती ला पेर्दिस नावाच्या तांब्याच्या खाणीत राबणारे लोक. आठवडाभर काम, मग आठवडाभर आपापल्या गावी दक्षिणेला. दानित्साचा बाप ती पाळण्यात असतानाच दक्षिणेला गेला तो तिकडचाच झाला. त्यामुळे ही पोर वाढली ती या टेबलाखालीच. ट्रक चालवणारा सेगुंदो तिचा मामा, सुरुंग लावणारा एलादिओ तिचा मामा. वेल्डिंगवाला ब्रायन वयानं तिच्याएवढाच, म्हणून तो नुसता ब्रायन. आणि पंप दुरुस्त करणारे व्लादिमीर, ज्यांनी आपल्या सुट्टीच्या आठवड्यात गावी जाणं कधीचंच सोडलं होतं. ते मागच्या अंगणात बॉयलर उघडून बसायचे. त्या बॉयलरला खरं तर काहीच झालेलं नसायचं.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी फोन वाजला. ला पेर्दिसहून बोलावणं. गुरुवारी अकराला शहरातल्या कचेरीत मुलाखत.

दानित्सानं टेबलाभोवती दोन चकरा मारल्या, एलादिओच्या टकलाचा मुका घेतला आणि काझुएलाच्या रश्श्याच्या पातेल्यात पळी समजून फोनच घालायला निघाली. मिर्तानं तो वरच्या वर झेलला.

“मुलाखत कोण घेणार?” सेगुंदोनं विचारलं.

“पोब्लेते मॅडम.”

सगळ्यांचे चमचे खाली आले. पोब्लेते म्हणजे खाणीची मुख्य भूगर्भतज्ज्ञ. शिफारस घेऊन आलेल्याला ती उंबऱ्यावरूनच परत पाठवते, अशी तिची ख्याती. एका मंत्र्याच्या पुतण्याला तिनं फाटकाबाहेर बसची वेळ सांगितली होती.

मिर्तानं कमरेवर हात ठेवले. “ऐका रे सगळे. पोरीला बोलावलंय ते तिच्या डोक्याकडे बघून. कुणीही मध्ये तोंड घालायचं नाही. निरोप नाही, फोन नाही, काही नाही. ठेवा हात पावावर.”

चौघांनी पावावर हात ठेवून शपथ घेतली. सेगुंदोनं तर डोळे मिटून घेतली. पण कालामातल्या माणसाला वशिला लावू नको म्हणणं आणि मांजराला दूध राख म्हणणं एकच. आपल्या पोरीसाठी एक शब्दही टाकायचा नाही म्हणजे माणुसकी ती काय उरली, असं प्रत्येकाला अंथरुणात पडल्या पडल्या वाटलं. आणि बाकीचे तिघे शपथ पाळणार याची खात्री असल्यामुळे, आपण एकट्यानं मोडली तर काय बिघडतंय, असंही वाटलं.

गुरुवारी अकराला दानित्सा पोब्लेतेसमोर बसली. पोब्लेते बुटकी, उन्हानं रापलेली, बुटांवर खाणीची धूळ तशीच. तिनं निळसर हिरवा खड्याएवढा तुकडा पुढे सरकवला.

“काय आहे?”

दानित्सानं तो उजेडात धरला, नखानं खरवडला आणि विद्यापीठातल्या सवयीनं सरळ जिभेवर ठेवला. तुकडा जिभेला चिकटला. तिनं जीभ बाहेर काढली, तुकडा लोंबकळला, पण पडेना.

“ख्रिथोखोला,” ती म्हणाली.

“काय?”

तिनं तो ओढून काढला. “क्रिसोकोला, मॅडम, तांब्याचंच खनिज. फिरोजा असता तर असा चिकटला नसता. आणि हा वरच्या थरातला असणार, खाली गेलं की रंग बदलतो, आणि तिथं पाणी लागलं असेल तर—”

ती भरभर बोलत सुटली. पोब्लेतेनं तिला एकदाही तोडलं नाही. उलट तिच्या ओठांचा कोपरा थोडा हलला, आणि दानित्साला वाटलं, झालं, जमलं, आपण खाणीत. तिला उठून खिडकी उघडून सगळ्या रस्त्याला सांगावंसं वाटत होतं.

“काम येतं तुला,” पोब्लेते म्हणाली. “पण एक अडचण आहे. हे ऐक.”

तिनं फोनवरचे निरोप लावले. पहिला आवाज सेगुंदोचा. “मॅडम, दानित्सा माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. रक्ताचं नातं आहे म्हणून सांगतो, पोर सोनं आहे.” मग एलादिओ. “बाप्तिस्म्याच्या वेळी मी तिला हातावर घेतली होती, मॅडम. माझी धर्मकन्या.” मग ब्रायन, घसा खाकरून. “ती माझी होणारी बायको. स्वभाव कडक आहे, पण कामाला वाघ.” टॉवेल न्हाणीघरात टाकतो म्हणून दानित्सानं त्याला परवाच उभा आडवा झापला होता. शेवटी व्लादिमीर, हळू आवाजात. “दानित्सा आमच्या घरची मुलगी आहे. शिफारस करत नाही. फक्त तिचं बोलणं पुरं होऊ द्या, ती घाईघाईनं बोलते.”

दानित्साला जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. जमिनीचा अभ्यासही होताच.

“वशिला लावला म्हणून मी तुला हाकलणार होते,” पोब्लेते म्हणाली. “पण एवढा वाईट वशिला मी जन्मात पाहिला नाही, म्हणून थांबले. आता खरी अडचण ऐक. ज्याचं कुणी नात्यातलं खाणीत कामाला आहे, त्याला उमेदवार म्हणून घ्यायचं नाही, असा आमच्या खाणीचा नियम आहे; बाकीच्या खाणींत काय चालतं ते चालो. आणि तू तर सगळ्या खाणीची भाची निघालीस.”

“मॅडम, यातलं कुणीच माझं कुणी नाही,” दानित्सा म्हणाली. आणि हे तोंडातून निघताच तिला फार वाईट वाटलं. “म्हणजे आहेत. पण नात्यानं नाहीत. आमच्याकडे जेवतात.”

“मग हे त्यांच्या तोंडून ऐकू दे.”

रात्रपाळीचा आठवडा होता; चौघे नुकतेच पाळीवरून परतून टेबलाशी बसले असणार. पोब्लेतेनं सेगुंदोला फोन लावला. आपल्याला साक्षात पोब्लेतेचा फोन आला म्हटल्यावर त्यानं छाती फुगवून तो स्पीकरवर टाकला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

“मुलगी तुमची भाची असेल तर तिला घेता येणार नाही,” पोब्लेते म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकली. “भाची कसली, मॅडम. मला बहीणच नाही. आम्ही सहा भाऊ.”

“म्हणजे तूपण निरोप धाडलास?” एलादिओचा आवाज आला. “पावावर हात ठेवून?”

“तू कशाला मध्ये बोलतोस रे?”

“तुमची धर्मकन्या ना, एलादिओ?” पोब्लेतेनं विचारलं.

“नाही, मॅडम. मी चर्चमध्ये गेलोच नाही कधी. भिंत अंगावर पडेल माझ्या.”

“आणि होणारी बायको?”

“तिला विचारलंच नाहीये मी,” ब्रायन पुटपुटला. “मारेल ती.”

दानित्साला हसू आवरेना. पोब्लेतेसुद्धा खाली बघून कागद उगाच नीट करत होती. “व्लादिमीर?”

पलीकडे पान्हा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

“मला नाही म्हणता येणार, मॅडम,” व्लादिमीर म्हणाले.

दानित्साचं हसू जागच्या जागी थांबलं.

“म्हणजे नातं आहे?”

“अजून नाही. रविवारी मिर्ताबाईंना विचारणार होतो मी.”

“काय विचारणार होतात?”

“जे विचारतात ते.”

पलीकडे सेगुंदोच्या हातून चमचा पडला. आपण व्लादिमीरमामा म्हटलं की ते दरवेळी तोंड का फिरवायचे, हे दानित्साला इतक्या वर्षांनी कळलं. तिला एकदम खूप आनंद झाला आणि त्याच क्षणी धास्तीही वाटली, कारण रविवारी आईनं हो म्हटलं की खाण गेली. कुणासाठी काय मागावं ते तिला कळेना.

“मिर्ताबाई आहेत का तिथं?” पोब्लेतेनं विचारलं.

“बाजारात गेल्यात.”

“आज, आत्ता, तुमचं नातं काय?”

“आज मी त्यांच्याकडे जेवतो.”

“बास. तेवढंच मी धरते. उमेदवारी फेब्रुवारीअखेर संपते. तोवर काही विचारायचं नाही, जमेल?”

“अकरा वर्षं जमलंय, मॅडम,” व्लादिमीर म्हणाले. “मार्चमध्ये विचारीन. पोरीची पदवी आधी.”

मग फोनमधून दार लोटल्याचा आवाज आला, आणि मक्याच्या कणसांची पिशवी धपकन खाली ठेवल्याचा. मिर्ता दारात किती वेळ उभी होती, देव जाणे.

“मार्चच्या कितव्या तारखेला?” ती म्हणाली.

पोब्लेतेनं झटकन फोन बंद केला आणि उलटा करून ठेवला. मग चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

“आत्ता कुणी काही बोललं का?” तिनं विचारलं.

“नाही, मॅडम,” दानित्सा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड भरून हसू आलं होतं.

“मलाही ऐकू आलं नाही. पायाचं माप सांग, बूट मागवायचेत.”